मध्यंतरापर्यंत एक नंबर

मध्यंतराचे दिवे लागले की ते उठायचे. खुर्ची नेहमी कडेची, पिशवी मांडीवर, आणि चपला पायातून कधी काढायच्याच नाहीत. "तुमी बसा सर. मध्यंतरापर्यंत एक नंबर हाय," असं म्हणत दाराकडे पळायचे.

आमच्या कोपरगावच्या शाळेत ते क्लार्क होते आणि मी मराठी शिकवायचो. सगळे त्यांना दादा म्हणत. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून आम्ही दोघं बाराच्या खेळाला जायचो. कधी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा सिनेमा असायचा, कधी मुंबईत गाजून, रिळं घासून घासून आमच्यापर्यंत पोचलेला नवा. पण दादांच्या गावाला दुपारी दीडची एस.टी. ती चुकली तर थेट रात्रीची मुक्कामी गाडी. घरी बायको एकटी, दम्याची. दादा वेळेवर दिसले नाहीत की तिचा जीव घाबरायचा, आणि जीव घाबरला की धाप लागायची. सिनेमाची हौस खरी तिचीच. थिएटरातल्या कोंदट हवेत, विड्यांच्या धुरात तिला बसवायचं नाही, म्हणून हे बघून यायचे आणि घरी गेल्यावर तिला सांगायचे.

गाळपाच्या दिवसांत तर विचारूच नका. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता तुंबायचा, गाडीचा काही भरवसा राहायचा नाही. पडद्यावर हिरो-हिरॉईन बागेत गाणं म्हणतायत आणि दादा माझ्या कानाशी, "हॉर्न वाजला का हो?" अशा माणसाशेजारी बसून तुम्ही कधी सिनेमा पाहिलाय? हळूहळू मलाही संवादांपेक्षा थिएटरामागच्या स्टँडवरचे आवाजच जास्त ऐकू यायला लागले. ते निघून गेल्यावरही गाडी मिळाली असेल का, हा घोर मला पुढचा सिनेमा नीट बघू द्यायचा नाही.

इतकं असून सोमवारी त्यांची मतं तयार. नव्या सिनेमांचं त्यांना काही पटायचं नाही. "एका घरात तीस-तीस मानसं नाचत्यात. पानी कोन भरतं?" जुने आवडायचे, कारण त्यात चूल दिसायची. पण जुन्यांवरही एक राग कायमचा होता. "मानूस खोकला की मेलाच समजायचं. ह्या लोकान्ला दुसरं काय सुचत न्हाई का?" अर्धा सिनेमा पाहून पुरं मत देणाऱ्या या गृहस्थाला मी एकदा शेवट सांगायला गेलो, तर त्यांनी चक्क कानांवर हात ठेवले. "ऱ्हाऊ द्या सर. फुडचं माझं मी बघतो."

म्हणजे काय, ते त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. आदल्याच शनिवारी आम्ही एक जुना, रडका सिनेमा पाहिला होता. त्यातली नायिका मध्यंतराआधी खोकायला लागते आणि शेवटी जाते. माझा रुमाल भिजला होता.

"भावजी," वहिनी धापा टाकत म्हणाल्या, "ती डोंगरावरच्या हवेनं बरी झाली, ते लई बेस केलं बगा. शेवटाला सोता पानी शेंदती, व्हय ना?"

दादा खाली मान घालून कोरडीच कपबशी पुसत होते. एस.टी.त बसून हा माणूस उरलेला सिनेमा रचत जातो, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

"हो वहिनी," मी म्हणालो, "चांगल्या दोन घागरी."

पुढच्या थंडीत वहिनी गेल्या. दादा उशाशी होते, तेवढंच बरं झालं.

बऱ्याच महिन्यांनी तोच रडका सिनेमा पुन्हा लागला. मी विषयही काढला नव्हता. दादाच म्हणाले, "चला सर." मध्यंतराचे दिवे लागले, तसा मीच चुळबुळायला लागलो.

"दादा, गाडी..."

"जाऊ द्या. आता वाट बघाया कोन हाय?"

त्यांनी चपला काढल्या आणि खुर्चीखाली सारल्या. पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं. त्यांचा हात धरून बाहेर न्यावं असं सारखं वाटत होतं, पण धीर होईना. नायिका शेवटचं खोकली आणि तिची मान कलली. मागच्या बायका हुंदके द्यायला लागल्या. दादा रडले नाहीत. पडद्याकडे बघत, चूक त्या सिनेमावाल्यांचीच आहे अशा आवाजात म्हणाले,

"मी हिला वाचवली हुती, सर."