डिक्कीवर बसणारा नवरदेव

अठरा नोव्हेंबर. त्या दिवशी कनाती उन्हात पसरून त्यांच्या फाटक्या कडा शिवायच्या होत्या. कुडव्याला आमचं बिछायत केंद्र आहे. मांडव, गाद्या, खुर्च्या, गंज-कढया, लग्नाला लागणारं सगळं आम्ही भाड्यानं देतो. तुळशीचं लग्न आटोपलं की आमची धावपळ सुरू होते. मी दाभण आणि सुतळी घेऊन बसले होते. दुसरीच कड हातात घेतली आणि नवरा समोर येऊन उभा राहिला.

"उठ वो. गाडी पाहाले जाऊ."

कोणती गाडी ते मला विचारावं लागलं नाही. पंधरा दिवस घरात तोच विषय होता. आजकाल नवरदेव घोडीवर बसायला तयार नसतात. टप उघडणारी गाडी पाहिजे म्हणतात. मागे उंचावर बसायचं, बाशिंग सगळ्यांना दिसलं पाहिजे, व्हिडिओ चांगला आला पाहिजे. अशी गाडी आणायची तर नागपूर किंवा रायपूर, म्हणून ती आपणच घ्यावी असं नवऱ्याच्या डोक्यात होतं. नुसतं डोक्यात असतं तर हरकत नव्हती. अर्जुनी मोरगावच्या एका घरी त्याने शब्दही देऊन टाकला होता. लग्न आठ दिवसांवर होतं.

नवी गाडी घेण्याची आमची ऐपत नाही. जुनी घ्यायची ती पिकअप देऊन. सामान वाहणारी आमची एकच पिकअप आहे. ती गेली तर खुर्च्या आणि कढया लग्नघरी पोचणार कशा, याला नवऱ्याचं उत्तर तयार होतं.

"भाड्याची गाडी लावू. काऊन, मिळत नाही का?"

"सीझनमंधी कोणाची गाडी रिकामी राह्यते, ते सांगा अगोदर."

मी सुतळी गुंडाळली आणि उठले. माणसाला एकटं पाठवलं तर तो सौदा करूनच येतो, हे मला तीस वर्षांत कळलं आहे.

जुन्या गाड्या विकणाऱ्या दलालाची जागा गोंदियात रस्त्याला लागूनच आहे. आम्ही पिकअपनेच गेलो. गाडी फिक्या निळ्या रंगाची, दोन दारांची, बुटकी. माझ्या कमरेला तिची काच लागत होती. टप कापडी नव्हता, पत्र्याचा होता. दलालाने किल्ली फिरवली आणि एक बटण दाबून धरलं. डिक्कीचं झाकण मागच्या बाजूने उचललं गेलं, डोक्यावरचा टप मधून दुमडला, एकावर एक असा डिक्कीत जाऊन बसला, आणि वरून झाकण बंद झालं. रस्त्याने जाणारे तीन-चार जण थांबून बघत होते. नवऱ्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

मी कागद मागितले. गाडी छत्तीसगडची, तिथली ना-हरकत आली होती. बॉनेट उघडायला लावून मोबाईलच्या उजेडात चेसिस नंबर कागदाशी ताडून पाहिला. जुळला. टायर पाहिले. दाराच्या रबरात शंभराची नोट धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. घरी फ्रीजचं रबर मी असंच पाहते. नोट घट्ट होती.

"भाभी तो मिस्त्री निकली," दलाल नवऱ्याला म्हणाला.

"नवरदेव कुठं बसन?" मी विचारलं.

"पीछे सीट है ना."

मागची सीट खोल होती. तिथे बसलेल्याचं फक्त बाशिंग दिसलं असतं. आमच्या भागात कोणीही सांगेल, नवरदेव सीटवर बसत नाही. तो डिक्कीवर बसतो आणि पाय सीटवर ठेवतो.

"वो मत करने देना, भाभी," दलाल लगेच म्हणाला. "टप उसी के अंदर है. झाकण पे वजन नहीं चलता."

"हौ, हौ, सांगून देऊ न त्याइले," नवरा म्हणाला.

मला तिथेच काळजी लागली. लग्नात लोक काय करतात ते माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल. खुर्चीवर बसायचं सोडून उभे राहतात. गादीवर पानाची पिचकारी टाकतात. आमच्या कढईत एकदा एका घरी सिमेंट कालवलं होतं. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघाला की त्याच्या मागेपुढे वीस पोट्टे नाचत असतात, त्यातले निम्मे पिऊन. त्यांना झाकणावरून उतरवणार कोण?

मी म्हटलं, गाडी एक दिवस आमच्या घरी राहू द्या, मग बोलू. दलाल राजी झाला, पण पिकअप आणि तिचं आरसी कार्ड त्याने ठेवून घेतलं. "कुछ हो गया तो ये गाड़ी आपकी, वो गाड़ी मेरी," असं हसत म्हणाला. नवऱ्याने कार्ड शर्टाच्या खिशातून काढून दिलं. रोज ते पिकअपमध्येच असतं. खिशात घालून आला होता म्हणजे तो घरूनच ठरवून निघाला होता.

परत येताना टप उघडाच होता. नवरा हळू चालवत होता, सगळ्यांना नीट बघता यावं म्हणून. मी पदर डोक्याला गुंडाळून मांडीखाली दाबून बसले. ओळखीचा एक किराणावाला दुकानातून ओरडला, "का गा, दुसरं लगन करून राहिला का?"

"बायको तेच हाय, गाडी बदलवली," नवऱ्याने उत्तर दिलं.

मी हसले नाही. मनात एकच हिशेब चालला होता. परवा बोदलकसाच्या बाजूच्या गावात खुर्च्या आणि मांडव पोचवायचा होता, आणि पिकअप दलालाच्या ताब्यात होती. उद्या सकाळी ही गाडी जशीच्या तशी परत गेली तरच ती हाती येणार होती.

घरापुढे गाडी लागली आणि माणसं जमली. शेजारणीने कुंकू-अक्षता आणल्या. अजून घेतली नाही, असं मी दोनदा सांगितलं. कोणी ऐकलं नाही. तेवढ्यात बँडमास्तर आले. आमच्या बहुतेक लग्नांत त्यांचाच बँड असतो. अंगाने भक्कम, पन्नाशीचे, ट्रंपेट वाजवून गाल सुटलेले.

"वहिनी, आता घोडीवाल्याची सुट्टी करून राहिल्या तुमी."

"मास्तर, काही ठरलं नाही अजून."

"ठरते न. नवरदेव कसा बसन ते तं पाहू द्या."

मी हात पुढे करेपर्यंत ते मागच्या सीटवर चढून डिक्कीच्या झाकणावर बसलेही होते. पाय सीटवर, दोन्ही हात जोडलेले, मान तिरपी. सगळे हसले. कोणीतरी टॉवेल त्यांच्या डोक्याला बांधला. मग नवऱ्याला चेव आला. तोही वर चढून त्यांच्या शेजारी बसला. शेजारचे एक काका, त्यांना करवला व्हायचं होतं, तेही चढले. तीन माणसं, तिघेही साठ-सत्तर किलोच्या वरचे. मास्तर तर नक्कीच नव्वद.

"उतरा," मी म्हटलं. "तो दलाल काय बोलला होता?"

"अवो, पाच मिनिट तं बसू दे."

"उतरा म्हटलं न."

पाच मिनिटांनी उतरले. झाकण दिसायला ठीक होतं. दिवस बुडायला आला होता, दव पडायच्या आत टप लावून घ्यावा म्हणून नवऱ्याने बटण दाबलं. झाकण वर उचललं गेलं. टप बाहेर निघाला, अर्धा वर आला आणि थांबला.

त्याने पुन्हा दाबलं. कट् असा आवाज आला, बाकी काही नाही. डिक्कीचं झाकण आभाळाकडे, टपाचे दोन तुकडे मधेच अधांतरी. गाडी पुढेही नेता येईना, झाकताही येईना. जमलेली माणसं एकेक करून आपापल्या घरी गेली. मास्तर सगळ्यांच्या अगोदर गेले.

नवरा किल्ली फिरवत राहिला.

"बॅटरी उतरन," मी म्हटलं. "थांबा."

"मिस्त्रीले बलावू का?"

"या गाडीचा मिस्त्री कुडव्यात हाय का? दलालाले फोन करा."

"त्याले कायले? तो म्हणन, तुमी मोडली, आता घ्या."

तेच तर खरं होतं. मी पहिल्यांदा ताडपत्री आणून सीटवर टाकली, कारण दव थांबून राहणार नव्हतं. मग ओसरीच्या पायरीवर बसले. पिकअप गेली, असं मी मनात धरूनच चालले होते. परवाचं बोदलकसाचं लग्न, त्यानंतरची सगळी लग्नं, कोणाकोणाच्या ट्रॅक्टरमागे धावायचं याची नावं आठवत होते. आणि दारात ही निळी गाडी, जबडा उघडून उभी.

पाच-दहा मिनिटांनी मला माझाच राग आला. मांडवाचा खांब हलला तर मी अगोदर खिळे बघते, रडत बसत नाही. टॉर्च घेऊन डिक्कीत वाकले. नवऱ्याला म्हटलं, किल्ली काढून खिशात ठेवा, माझं डोकं आत असताना काहीही दाबायचं नाही.

डिक्कीच्या आत एक पातळ पडदा होता, पावसाळी कापडाचा. खाली सामानाची जागा, वर टपाची जागा, मधे हा पडदा. दोन्ही बाजूंना हुकात अडकवायचा. डावा हुक नीट होता. उजवा सुटून पडदा एका बाजूने लोंबत होता. झाकण वरून दाबलं गेलं तेव्हा तो ढिला झाला आणि टप निघताना सुटला असणार. गाडीला वाटत असेल, डिक्कीत सामान आहे, टप हलवला तर चेंगरेल. म्हणून ती अडून बसली होती. कनातीची कडी दोरीतून निसटते तसंच हे होतं. मी पडदा ओढला, हुकात बसवला, दोनदा हिसका देऊन पाहिला.

"आता दाबा."

तो दाबायला तयार नव्हता. बोट बटणावर ठेवून माझ्याकडे बघत होता.

"दाबा न."

टप निघाला, पुढे गेला, काचेवर जाऊन बसला. झाकण खाली आलं. नवऱ्याने मोठा श्वास सोडला. "पाहा, काही झालंच नाही," तो म्हणाला.

मी झाकणाच्या कडेने बोट फिरवलं. डाव्या बाजूला फटीत माझं नख जात होतं. उजव्या बाजूला नख शिरत नव्हतं. सकाळी दलालाकडे मी ही फट पाहिली नव्हती, त्यामुळे पहिल्यापासून होती की आज झाली, हे मला सांगता येत नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही ती त्यामुळेच.

जेवताना मी बोलून टाकलं. "हे गाडी आपल्या कामाची नाही. आपल्या घरचे तीन शहाणे माणसं सांगूनही बसले. लग्नात कोण ऐकन?"

"कापडी टपाची मिळाली तं?"

"मिळाली तं पाहू. पिकअप देऊन नाही."

तो ताटात भात कालवत राहिला. मग म्हणाला, "अर्जुनीले मी काय तोंड दाखवू?"

मला त्याची दया आली, पण दया आली म्हणून पिकअप देता येत नाही. "फोन करून देतो," तो म्हणाला. मी नको म्हटलं. शब्द त्यांच्या ओसरीवर बसून दिला होता. परतही तिथेच जाऊन घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दलालाने शटर वर केलं तेव्हा आम्ही दारात होतो. नवरा त्याला काही सांगायच्या आत मी सगळं सांगितलं: तीन माणसं बसली, टप अडकला, पडदा सुटला होता, मी लावला, आणि ही फट बघा. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचं घर जाळलं. दलालाने टप दोनदा उघडला, दोनदा लावला. वाकून फट पाहिली. रबराच्या पट्टीवर हात फिरवला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि हात पदरात घट्ट धरून ठेवले होते.

"ये तो पहले से थी," तो शेवटी म्हणाला. "पिछले मालिक ने भी शादी में ही चलाई थी."

हे त्याने काल सांगितलं नव्हतं. मी त्यावर वाद घातला नाही. हात पुढे केला, कार्ड घेतलं, नंबर वाचून पाहिला आणि पर्समध्ये ठेवलं.

तिथून पिकअप घेऊन आम्ही थेट अर्जुनी मोरगावला गेलो. त्या घरापुढे नवऱ्याने गाडी थांबवली आणि तो स्टिअरिंग धरून बसून राहिला. मी एकटी उतरले. नवरदेवाचा बाप अंगणात धानाची पोती लावून घेत होता. त्याने खुर्ची दिली, आत पाण्यासाठी आवाज दिला. मी म्हटलं, पाणी मागून पिईन, अगोदर ऐकून घ्या. टप उघडणारी गाडी येणार नाही. आम्ही शब्द द्यायला नको होता.

तो पोत्यावर बसला. "मंग पोरगा येईन कशावर?"

ते ठरवायला आम्हाला तासभर लागला. शेवटी घोडीच ठरली, भाडं आमच्याकडून. मधे केव्हातरी नवरा उतरून आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.