रुमाल उचलला नाही ती दुपार

असाबेयाला जाऊन आता दोन वर्षं होतील. तिच्या अंत्यविधीला पार कोफोरिदुआपासून माणसं आली होती आणि जो उठेल तो एकच सांगत होता: तिला म्हणे पायांनी ढोल ऐकू यायचा, रंगमंचाच्या फळ्यांतून ठेका तिच्या अंगात चढायचा. मी तिथेच खुर्चीत बसून ऐकत होतो आणि माझं डोकं फिरत होतं. काही ऐकू यायचं नाही तिला. जन्मापासून ठार बहिरी होती. नाचायला लावलं तर ठेका हमखास चुकायचा आणि ती चुकली की वादक पोट धरून हसायचे. तिच्याजवळ जे होतं ते वेगळंच होतं. मी ते जवळून पाहिलंय, तेही माझी लायकी नसताना. म्हणून हे मीच सांगितलेलं बरं.

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी. दर दोन-तीन घरांआड एक तरी बहिरं माणूस, हे पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं. त्यामुळे हातांनी बोलणं गावात सगळ्यांनाच येतं. शेतात, बाजारात, भांडणात. भांडणात तर ते फारच सोयीचं, तोंडात घास असला तरी शिवी अडत नाही. असाबेयाची आई बहिरी, दोन्ही भाऊ बहिरे. बाप तेवढा ऐकणारा, तो बिचारा घरात एकटा पडायचा. पोरीला लहानपणापासून नकलांचा नाद. ताडी काढणारा, चर्चमधला तपकीर ओढणारा उपदेशक, पोट सांभाळत चालणारा पोलीस, कुणाला म्हणून सोडायची नाही. ज्याची नक्कल झाली तो घरी जाऊन गुपचूप आरशात बघायचा.

मी त्याच गावचा, ओकाय. तरुणपणीच मी आसियेदू मास्तरांच्या नाटक कंपनीत शिरलो. त्या काळी आमच्या कंपन्यांत बायकांची कामं पुरुषच करायचे आणि आमच्यात ती माझ्याकडे होती. डोक्याला फडकं, छातीत चिंध्या, डोळ्यांखाली पांढरी पावडर. चौदा वर्षं मी आई झालो, सावत्र आई झालो, विधवा झालो. कंपनीतली पोरं मला मावशी म्हणायची आणि मला ते आवडायचं.

आमचे प्रेक्षक गप्प बसणारे नव्हेत. पात्राला सल्ले देतात, खलनायकाला चप्पल दाखवतात. आणि दुःखी माणूस पाहवला नाही की उठून थेट रंगमंचावर येतात, त्याच्या हातात जेवण ठेवतात. नट मोठा की छोटा ते तिथे कळतं. माझ्या रडण्याला एका खेळात चार ताटं आली होती. ती गोष्ट मी अजूनही सांगतो.

एका वर्षी कंपनी आमच्याच गावात आली. खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात हास्याचा गदारोळ ऐकू आला म्हणून आम्ही गेलो. मधोमध असाबेया. एकोणीस वर्षांची, शेजारी संत्र्यांची टोपली ठेवलेली. ती माझी नक्कल करत होती. माझी चाल, रडताना खांदा उडवायची माझी खोड, सरकलेल्या चिंध्या कोपराने सारख्या करणं. मीही हसलो. मग तिने खांदा उडवणं थांबवलं आणि तीच आई, तेच दुःख, तिच्या पद्धतीने करून दाखवलं. चौक गप्प झाला. माझं हसू गेलं, कारण चौदा वर्षं मी जे करत होतो ते काय असायला हवं होतं ते मला पहिल्यांदा दिसलं.

मास्तर म्हणाले, "ओकाय, ही पोरगी आपल्याबरोबर येते का, विचार."

"बहिरी आहे, मास्तर. नाटकात बोलायला लागतं."

"तू चौदा वर्षं बोलतोयस. झोपतात लोक. विचार म्हटलं ना!"

ती आली. कंपनीत तिचं बोलणं फक्त मला कळायचं, म्हणून तिला शिकवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. जी माझी जागा घेणार तिची जीभ मी आणि कानही मीच. ती मला मामा म्हणायची. मला तर तिचं तोंड बघवत नव्हतं.

नाटक होतं परगावी साहेब झालेल्या मुलाचं. खेड्यातली आई पदरात अंडी बांधून त्याच्या दारी येते. तो पाहुण्यांसमोर म्हणतो, "ही बाई? मी हिला ओळखत नाही." ते ऐकून आई मागे वळते, कोसळते आणि रडते. आता असाबेया प्रेक्षकांकडे तोंड करून बसणार, मुलगा तिच्या पाठीमागे. त्याचं वाक्य संपलं हे तिला कळणार कसं? मास्तरांनी तोड काढली. मी बाजूच्या पडद्याआड उभं राहायचं आणि वाक्य संपलं की लाल रुमाल उचलायचा.

पहिला खेळ न्सावामला, ईस्टरच्या सोमवारी, भर दुपारी. आदल्या दिवशी मास्तर सगळ्यांसमोर बोलले, "उद्या हिने पेललं तर ती राहील. फसली तर कंपनीची लॉरी हिला गावी सोडून पुढे जाईल आणि ओकाय पुन्हा चिंध्या कोंबेल." मी ते तिला हातांनी सांगितलं. तिने मान हलवली आणि रात्रीचं जेवण जेवलीच नाही.

तिथल्या सिनेमागृहाच्या आवारात खेळ होता, माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. असाबेया आली, मुलाच्या दाराशी बसली. मुलाचं काम करणारा बोआतेंग पाठीमागे उभा राहिला आणि त्याने ते वाक्य म्हटलं.

मी रुमाल उचलला नाही.

विसरलो नव्हतो. रुमाल मुठीत होता. एवढंच करायचं होतं आणि ते मी केलं नाही. तिची नजर माझ्यावर होती. क्षणभर तशीच राहिली. मग तिने ती काढून घेतली आणि पदराची गाठ सोडली. एक अंडं काढलं, थुंकी लावून पदराने पुसलं, उजेडात धरून पाहिलं. हसली. दुसरं घेतलं. मुलाला द्यायला कोणतं मोठं याचा विचार करत बसली.

बोआतेंगला घाम फुटला. त्याने वाक्य पुन्हा म्हटलं, मोठ्याने. ती तिसरं अंडं पुसत होती.

आणि मग आवारातल्या लोकांच्या ध्यानात आलं, की म्हातारीला कळलेलंच नाही. मुलाने नाकारलं ते सगळ्या न्सावामने ऐकलं, फक्त तिने नाही. "आई, ऊठ! चल इथून!" असं एक बाप्या ओरडला. "ठेव ती अंडी! नालायकाला देऊ नकोस!" बायका उभ्या राहिल्या, ओरडून त्यांचे घसे बसले. ती आपली अंडी लावते आहे, हसते आहे. शेवटी मासळी विकणारी एक धिप्पाड बाई गर्दी ढकलत वर चढली. तिच्यासमोर मटकन बसली, मक्याच्या पिठाचं केंके आणि तळलेली मासळी तिच्या मांडीवर ठेवली आणि तिचे दोन्ही हात धरून नुसती नाही, नाही अशी मान हलवत राहिली. असाबेयाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूहळू तिचं हसू गेलं. रडली नाही. हातातलं अंडं तिने त्या बाईच्या ओंजळीत ठेवलं.

त्या दुपारी किती ताटं आली ते मोजायचं कुणाला सुचलं नाही. माझ्या शेजारचा गिटारवाला हमसाहमशी रडत होता. मीही रडत होतो आणि मुठीत रुमाल होता.

खेळ संपल्यावर मास्तर मागे आले. डोळे लाल, पण आवाज करडा. "हे काय होतं? वळायचं ठरलं होतं. विचार तिला, का वळली नाही?"

मी विचारलं. आमचे हात तिथे दुसऱ्या कुणालाच कळत नव्हते. ती काहीही म्हणो, मी वाटेल ते सांगू शकत होतो, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

ती म्हणाली, "तुला हवं ते सांग, मामा."

मी मास्तरांकडे वळलो. "ती म्हणते..." एवढं म्हणालो आणि पुढे खोटं येईना. "मास्तर, रुमाल मी उचलला नाही. मुद्दाम. तिला घालवायचं होतं मला."

मास्तर म्हणाले, "चौदा वर्षं माझं मीठ खाल्लंस. पेटी उचल आणि नीघ. आणि हे तुझ्या तोंडाने, म्हणजे हातांनी, तिला सांग."

मी सांगितलं. स्वतःची हकालपट्टी स्वतःच्या हातांनी सांगताना बोटं कशी जड होतात ते त्या दिवशी कळलं.

असाबेयाने माझे हात खाली केले आणि मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. बोलली, आणि मला इशारा केला, सांग.

"ती म्हणते, हा गेला तर मला कळणार तरी कसं? रुमाल नकोच. पोराने मला नाकारलं ते मला याच्या तोंडावर दिसलं. तिथे हाच उभा पाहिजे."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "ऐकलंस? मग राहा उभा."

त्यानंतर एकोणीस वर्षं ती तीच आई झाली. सुहुमला, कोफोरिदुआला, समुद्रापर्यंत. माणसं तिला पाहायला दिवसभर चालत यायची. बायकांची कामं मग बाकीच्या कंपन्यांतही बायका करू लागल्या. मी पुन्हा कधी चिंध्या कोंबल्या नाहीत. प्रत्येक खेळात मी त्या पडद्याआड रिकाम्या हातांनी उभा राहिलो. बोआतेंग म्हणायचा, "मी हिला ओळखत नाही," आणि अंडी पुसता पुसता ती एकदा माझ्याकडे बघायची. मला त्या दुपारचं तोंड मुद्दाम करावं लागलं नाही. ते एकोणीस वर्षं आपोआप होत राहिलं.