बिनमिठाच्या भाताशेजारचा बांगडा

वसईत दवाखाना थाटला तेव्हा स्वातंत्र्य नवं होतं, मी नवी होते आणि माझा हट्ट मात्र जुनाच होता. चाळिशी उलटलेलं कुणीही आलं, मग ते बोट कापून येवो की दात दुखतो म्हणून, दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजल्याशिवाय मी सोडत नसे. गावातल्या एका वडीलधाऱ्या डॉक्टरांना हे चाळे वाटत. "धडधाकट माणसाला घाबरवून काय मिळतं तुला?" त्यांनी मला चारचौघांत विचारलं. लकवा झालेली माणसं तेही बघत होते, मीही बघत होते. मला ती लकव्याच्या आधी गाठायची होती. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

पाचूबंदरचा एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, हातात शिंगाळा माशाचा काटा घुसला म्हणून आला. काटा काढला, पट्टा बांधला, तर पारा दोनशेच्या वर! माणूस आपला हसतोय. तेव्हा या दुखण्यावर औषधं बेताचीच होती. माझ्या हातात खात्रीचं होतं ते एकच, मीठ तोडणं.

"मीठ बंद करा. नाहीतर सुकाणू धरलेला हात भर समुद्रात लुळा पडेल," मी म्हटलं. त्याचं हसू गेलं.

महिन्याने पारा तिथेच. "खोटं बोलताय तुम्ही," मी म्हणाले. तो भडकला. "दर्याची आन, बाय! मिठाचा खडा नाय खाल्ला मी!"

मलाही राग आवरेना. दुसऱ्या दिवशी दुपारी, न सांगता, त्याच्या घरी जाऊन बसले. पावसाळा होता, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. बायकोने माझ्यासमोर त्याला वाढलं. बिनमिठाचा भात, बिनमिठाचं कालवण. आणि भाताशेजारी भाजलेला खारवलेला बांगडा, मिठाने पांढरा पडलेला.

"हे काय?"

"म्हावरं," ती म्हणाली. "मीठ तं कवाच बंद केलाय."

ती थट्टा करत नव्हती. मीठ म्हणजे बरणीतलं, कालवणात टाकायचं. खारवलेली मासळी ही मासळीच. समुद्र बंद असताना घरात दुसरं असतं तरी काय? आणि मी शहाणी, नुसतं 'मीठ बंद' म्हणून मोकळी झाले होते. ताटात काय पडतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. मी बांगड्याकडे बोट दाखवून सगळं सांगितलं.

बाई लालबुंद झाली. मासळी खारवण्यात तिचा हात धरणारं आळीत कुणी नव्हतं, सगळे तिच्याकडूनच नेत.

"मंग मीच मारते का त्याला, माज्या हातानं?"

"हो," मी म्हणाले, "आणि अर्धवट सांगून मीही."

ती उठली. ताटातला बांगडा उचलला आणि नुसत्या वाऱ्यावर वाळवलेले, मीठ न लावलेले बोंबील विस्तवावर टाकले. तांडेल कुरकुरला, पण तिने ढुंकून पाहिलं नाही.

नारळी पौर्णिमेच्या आत पारा बराच उतरला. वडीलधारे डॉक्टर म्हणाले, आपोआप उतरला असेल. म्हणोत बापडे! मी तांडेलाला समुद्रावर जाऊ दिलं.

त्याच आठवड्यात त्याची बायको आळीतले पाच तांडेल पुढे घालून दवाखान्यात आली. एकेक दणकट गडी, साधं बोट कापलेलंही कुणाचं नाही.

"काय झालंय यांना?" मी विचारलं.

"काय पन नाय," ती म्हणाली. "पन खातात माज्याच हातचं. बांध पट्टा."