चार मात्रांची जागा

आमच्या बँडमधून नऊ वर्षांत नऊ माणसं गेली, आणि प्रत्येक वेळी ‘माणूस जातो, बँड राहतो’ असं मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं. जाणारा दर वेळी दुसराच कोणीतरी असायचा, त्यामुळे म्हणायला सोपं जायचं.

मी पुलगावच्या एका शाळेत गणित शिकवतो आणि नाचणगावात राहतो. रविवारी मात्र मी प्रोग्रेसिव्ह डेथ मेटल गायचो. ज्यांनी हा प्रकार ऐकलेला नाही त्यांना सांगतो. यात गायक गात नाही, गुरगुरतो. गाणं सरळ चालत नाही, सात मात्रांवरून पाचांवर आणि पाचांवरून अकरांवर उडी मारतं, आणि अकरा मिनिटं झाली तरी संपायचं नाव घेत नाही. मी पहिल्यांदा घरी सराव केला तेव्हा आई लिंबू-सोडा घेऊन धावत आली होती. तिला वाटलं मला उलट्या होतायत. पुढे तिला सवय झाली, पण पाहुणे आले की ती मला आधीच बाहेर पाठवायची.

बँड सुरू केला आम्ही दोघांनी, मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र. तो गिटार वाजवतो आणि शेतीच्या अवजारांचं दुकान चालवतो. त्याच्या घरचं सरकी साठवायचं जुनं गोदाम रिकामं पडलं होतं, तिथे आमचा सराव चालायचा. सरकी कधीच गेली होती, पण तिच्या मागे राहिलेला कापूस काही जात नव्हता. ड्रम जोरात वाजले की पत्र्याच्या फटींतून तो खाली यायचा आणि सराव संपेपर्यंत आम्ही सगळे म्हातारे दिसायचो. शिंका आणि खोकला हे आमच्या सरावाचे कायमचे सदस्य होते. एवढेच काय ते कधी बदलले नाहीत.

पहिला ड्रमर लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवायचा. त्याला एकही संज्ञा येत नव्हती, पण सातची मात्रा तो झोपेतही चुकला नसता. आमचं सगळ्यात मोठं गाणं त्याच्याच काळात तयार झालं. मग एका सोमवारी तो पुण्याला कंपनीत निघून गेला. ना फोन, ना निरोप. गाण्यात कुठे काय बदलतं ते सगळं त्याच्या हातात होतं आणि आम्ही कागदावर एक ओळसुद्धा लिहून ठेवली नव्हती. ते गाणं पुन्हा उभं करायला आम्हाला सात महिने लागले. मी इतका भडकलो होतो की गोदामाच्या दारावर आतल्या बाजूने ऑइल पेंटने नियमच लिहून टाकला: ‘जो जाईल त्याने येणाऱ्याला सगळं शिकवल्याशिवाय जायचं नाही.’ ‘सगळं’च्या खाली दोन रेघा ओढल्या.

या नियमातून मी कोणालाच सोडलं नाही. आमचा एक बेसवाला तलाठी झाला आणि त्याची नेमणूक समुद्रपूरकडे झाली. तो बिचारा दोन महिने दर रविवारी एसटीने दोन गाड्या बदलून यायचा, नव्या मुलीला बोटं कुठे ठेवायची ते दाखवायचा आणि परत जायचा. मी परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखा शेजारी उभा राहायचो. एकदा त्याने विचारलं, “झालं ना आता सर? बायको रागावून राह्यली.” मी म्हटलं, “दुसरा भाग बाकी आहे.” आता आठवलं की मला लाज वाटते.

माझा आवाज पहिल्यांदा फाटला तो वर्गात. दहावीच्या पोरांना समीकरण समजावत होतो आणि शब्दाच्या अर्ध्यात घशातून नुसती हवा आली. पोरं हसली, मीही हसलो. दोन आठवडे मी कोणाला काही बोललो नाही. ज्येष्ठमध चघळला, मिठाच्या गुळण्या केल्या, हळदीचं दूध प्यायलो. सकाळी उठल्याबरोबर न्हाणीघराचं दार लावून हळूच ‘अ’ म्हणून बघायचो. ‘अ’ बरा निघाला तर दिवस बरा जायचा, नाहीतर दुपारच्या डब्यावरची वासनासुद्धा उडायची. त्यातच आमचा वर्ध्याला कार्यक्रम ठरला होता. नऊ वर्षं नागपूरला जाऊन वाजवलं, पण स्वतःच्या जिल्ह्यात स्टेजवर कधी उभे राहिलो नव्हतो. दोन महिने उरले होते.

सरावात मी आवाज वाचवायचो, अर्ध्या ताकदीने ओरडायचो. मित्राच्या ते लगेच लक्षात आलं.

“काऊन बे, घशाले काय झालं तुह्या?”

“सर्दी आहे,” मी म्हटलं.

“दोन आठवड्यांपासून सर्दी? दाखव कोणाले तरी.”

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घातली आणि पडद्यावर माझा घसा मला दाखवला. स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या आणि दोन्हींवर समोरासमोर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी. गाठी साध्या आहेत, घाबरण्यासारखं काही नाही, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, “काय करता?” शिक्षक आहे म्हणालो. त्यांनी मान हलवली, शिक्षकांना होतं असं. मग सोबत आलेल्या बायकोने माझ्याकडे रोखून बघितलं, तेव्हा मला बाकीचंही सांगावं लागलं. डॉक्टरीणबाईंना कळेना, म्हणून मोबाइलवर अर्धं मिनिट गाणं ऐकवलं. बाईंनी फोन टेबलावर उलटा ठेवला.

“सहा आठवडे एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचं तर नाहीच, त्याने जास्त त्रास होतो. मग बघू. पण घसा एकच आहे. शाळा तरी चालेल, नाहीतर हे.”

बायको येताना बसमध्ये म्हणाली, “सहा आठवडे घरात शांतता. मी पेढे वाटते.” आणि मग खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

मी रजा टाकली आणि मुलीची जुनी पाटी घेतली. गोदामात गेलो आणि पाटीवर सगळं लिहिलं. मित्राने वाचलं आणि दाराकडे बोट केलं. माझ्याच हातचा ऑइल पेंट. पेंट चांगल्या प्रतीचा होता, एक अक्षरही उडालं नव्हतं.

नवी गायिका रोहण्याची. आर्वीला जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करायची आणि स्कूटीवर यायची. तिने मित्राला फोनवर काही ओळी म्हणून पाठवल्या होत्या. त्या ऐकून मला आधी आनंद झाला आणि लगेच धास्ती वाटली, कारण ती चांगली होती. मी स्वतःची समजूत घातली की ही सोय तात्पुरती आहे. सहा आठवडे झाले की मी आहेच. डॉक्टरीणबाई पहिल्या दिवशी कडक बोलतात, सगळेच डॉक्टर बोलतात.

न बोलता गुरगुरणं कसं शिकवायचं? मी डस्टरने टेबलावर मात्रा मोजायचो, पाटीवर शब्द लिहायचो, हाताने वर-खाली दाखवायचो. पहिल्याच रविवारी मी लिहिलं, ‘घसा आवळ.’ तिने वाचून मान हलवली.

“नाई सर. घसा नाई आवळत मी. पोटातून येते आवाज.”

मी लिहिलं, ‘कुठे शिकलीस?’

“वावरात. ज्वारीवर पाखरं बसत, तं बाबा मले माळ्यावर चढवून देत. सकाळपासून ओरडा लागे. घशानं ओरडलं तं दुसऱ्या दिवशी आवाज बसे, मंग बाबा बोलत. मंग पोटानं ओरडाले लागली.”

तिने सरळ उभं राहून दाखवलं. खांदे हलले नाहीत, मानेची एक शीर ताणली नाही, आणि पत्र्यावरचा कापूस खाली आला. मी नऊ वर्षं व्हिडिओ बघून बघून घशाने ओरडत होतो. माझा प्रकारच चुकीचा होता आणि सांगणारं कोणी नव्हतं. पाखरं हाकलणाऱ्या पोरीला जे लहानपणी समजलं ते मला चाळिशीत पडद्यावर दोन दाणे बघून समजलं. मला स्वतःचा इतका राग आला की मी डस्टर खाली आपटला. तिला वाटलं तिचंच काही चुकलं.

मग ती जागा आली. मोठ्या गाण्यात सातव्या मिनिटाला आवाज टिपेला जातो आणि एकदम सगळं थांबतं. गिटार, बेस, ड्रम, सगळं. चार मात्रा पूर्ण शांतता, आणि मग पाचवीला सगळे पुन्हा कोसळतात. लोकांना हीच जागा सगळ्यात जास्त आवडायची. नागपूरला एकाने माझा हात धरून सांगितलं होतं की ती शांतता ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. मी गंभीर चेहऱ्याने मान डोलवली होती.

तिने विचारलं, “इथं काऊन थांबाचं सर? आवाज तर चालू राहू शकते ना. बाकीचे थांबले तरी मी सुरू ठेवू शकते.”

मित्र गिटारच्या तारा जुळवत होता, त्याचा हात थांबला. मी पाटी पुसली आणि लिहिलं, ‘गाण्याची मागणी आहे.’

खोटं होतं. पहिल्या ड्रमरच्या काळात एका सरावाला, नेमका त्या जागी मला कापसाच्या धुळीने खोकला आला आणि दम संपला. ड्रमरने काठ्या हवेत धरल्या, मित्रही थांबला, मी चार मात्रांत श्वास घेतला आणि पुढे सुरू केलं. पुढच्या वेळीही तसंच झालं. पुढे कोणी काही ठरवलं नाही, पण ते तसंच राहिलं. नंतर आलेल्या प्रत्येकाला आम्ही ते गाण्याचा भाग म्हणून शिकवलं. खरं काय ते मला, माझ्या मित्राला आणि पुण्याला गेलेल्या त्या ताशेवाल्यालाच माहीत होतं.

तिला मी का सांगितलं नाही, ते मला चांगलंच ठाऊक होतं. जोवर ती जागा तशी आहे, तोवर ते गाणं माझ्या मापाचं आहे, आणि मी परत येऊन त्यात उभा राहू शकतो. ती आज्ञाधारकपणे थांबायला लागली. दर रविवारी मी तिला थांबताना बघायचो आणि मला बरं वाटायचं. घरी गेलो की मनाला टोचणी लागायची. दारावर ‘सगळं’ लिहिलं होतं, दोन रेघांसकट.

सहा आठवडे संपले. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घातली. गाठी बऱ्याच बसल्या होत्या. “बोला,” त्या म्हणाल्या. सहा आठवड्यांनी काय बोलावं ते सुचेना. मी म्हटलं, “पाच सक तीस.” आवाज खरखरीत होता, पण माझा होता. बायकोच्या जिवात जीव आला. शाळा सोमवारपासून, हळू आवाजात, माईक लावून. मग मी विचारलं.

“ते दुसरं?”

“ते नाही,” त्या म्हणाल्या. “कधीच नाही. आता हट्ट केलात तर पाढेसुद्धा म्हणता येणार नाहीत.”

दुसऱ्या दिवशी शेवटचा सराव होता. मी बोलू शकतो हे सगळ्यांना कळलं होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते. पाटी मी घरीच ठेवली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“सातव्या मिनिटाची ती जागा,” मी म्हटलं. “गाण्याची मागणी वगैरे काही नाही. मला दम लागायचा, म्हणून थांबायचो.”

 ती हळूच, मला लागू नये अशा बेताने म्हणाली, “मले तिथं दम नाई लागत, सर.”

“माहीत आहे. थांबू नकोस.”

मित्र आमच्याकडे पाठ फिरवून तारा पिळत होता. जुळलेल्याच तारा पिळत होता. सराव संपल्यावर दाराशी मला म्हणाला, “बरं झालं तूच सांगून टाकलं. मी तं नसतं सांगितलं कधी.” मला रडू आलं आणि मी खोकल्याचं निमित्त केलं. त्या गोदामात ते निमित्त नेहमीच चालायचं.

वर्ध्याच्या सभागृहात मी पाचव्या रांगेत बसलो, शेजारी बायको. मला स्टेजवरच्या पोरीपेक्षा जास्त भीती वाटत होती. तिचा आवाज बसेल का, मात्रा चुकेल का, लोक उठून जातील का. आणि खरं सांगायचं तर एक भीती याच्या उलटी होती, की काहीच चुकणार नाही. मी मांडीवर बोटाने मोजत होतो. सात, सात, पाच. सातवं मिनिट आलं. आवाज टिपेला गेला, गिटार थांबली, बेस थांबला, ड्रमरने काठ्या हवेत धरल्या.

ती थांबली नाही. त्या रिकाम्या जागेत तिचा एकटीचा आवाज सरळ पुढे गेला आणि लोक खुर्च्यांवरून उठले. गाणं आधीपेक्षा चांगलं झालं होतं. चारही मात्रा भरून गेल्या.

त्या चार मात्रांत श्वास घेतला तो फक्त मी, पाचव्या रांगेत बसून, नऊ वर्षांच्या सवयीने.