ओसरीवरचं बटण

मी सेलूच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. घर मानवतजवळच्या खेड्यात होतं. तिथं वडील, थोरला भाऊ आणि वहिनी राहत. शेती दादा बघायचा. आमच्याकडे एक जुनी पेट्रोलची जीप होती. नामांतराच्या आंदोलनाच्या त्या वर्षांत मधूनच एसटी बंद पडायची. मग कुणाचं बाळंतपण असो की कुणाची परीक्षा, गावातले लोक जीपसाठी आमच्याकडे यायचे.

एका बाजाराच्या दिवशी मानवतला जीपची बॅटरीच चोरीला गेली. पुढच्या रविवारी मी नवी बॅटरी, एक जुना हॉर्न, रिले आणि वायरचं भेंडोळं घेऊन गावी गेलो आणि दिवसभर जीपखाली पडून राहिलो. संध्याकाळपर्यंत अलार्म तयार झाला. बॉनेट उघडलं की हॉर्न सुरू, आणि सीटखालची लपवलेली कळ फिरवल्याशिवाय तो थांबत नसे. शेजारपाजारचे लोक तो ऐकायला आले. मला बरं वाटलं.

त्या भरात मी पुढचं काम काढलं. हिवाळ्यात सकाळी इंजिन गरम व्हायला फार वेळ लागायचा. दादा म्हणाला, "माझी अंघोळ होईस्तोर गाडी चालू राहिली तर लय बरं होईल." मी जीपपासून ओसरीपर्यंत वायर ओढली आणि भिंतीवर एक खटका व एक बटण बसवलं. खटका खाली केला की इग्निशन चालू, बटण दाबलं की स्टार्टर फिरणार. ओसरीवर सकाळी वहिनीच असायच्या, म्हणून त्यांना दाखवलं. "खटका खाली करायचा, बटण दाबायचं, आवाज आला की सोडायचं. बाकी काही बघायचं नाही."

आठ दिवस सगळं नीट चाललं. पुढच्या रविवारी मी घरीच होतो. आदल्या दिवशी दादानं हँडब्रेक ढिला आहे म्हणून जीप गिअरमध्ये टाकून उभी केली होती. वडील अंगणात जीपच्या तोंडासमोर बाजेवर ऊन खात बसले होते. वहिनींनी बटण दाबलं. जीप एक हिसका देऊन पुढं सरकली, इंजिन चालू झालं आणि ती चालायला लागली.

मी ओसरीवरून ओरडलो, पण वडिलांना ऐकू कमी येत होतं. तेवढ्यात वायर ताणली आणि भिंतीतून उपटली गेली. इग्निशन तुटलं, जीप थांबली. तिचा बंपर बाजेच्या पायाला टेकला होता. मी वायर थोडी लांब घेतली असती, तर काय झालं असतं हे मला तेव्हाच कळलं. मी पायरीवर बसलो.

वडील उठले आणि जीपकडे बघून म्हणाले, "आत तर कोनीच न्हाई."

दादा टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि वहिनींना बोलायला लागला. गिअर बघायला नको का, म्हणाला. वहिनी खाली मान घालून ऐकत राहिल्या. मी म्हणालो, "त्यांची चूक नाही. बाकी काही बघू नका, असं मीच सांगितलं होतं." त्याच दुपारी मी बटण आणि खटका काढून टाकला. अलार्म तेवढा ठेवला.

वायर गुंडाळत होतो तेव्हा वहिनी जवळ आल्या. "भाऊजी, गिअर म्हंजे काय असतंय, ते मला दाखवा की. मला नुसतं बटन दाखवलं तुमी."

मी कॉलेजात शंभर पोरांना हीच गोष्ट फळ्यावर समजावून सांगायचो. घरात ज्यांच्या हातात यंत्र दिलं, त्यांना मात्र ते कळण्याची गरज मला वाटली नव्हती. मी त्यांना जीपमध्ये बसवलं, क्लच दाखवला, गिअरची दांडी हातात दिली. न्यूट्रलमध्ये दांडी डावी-उजवीकडे मोकळी हलते, हे त्यांनी चार वेळा हलवून बघितलं.

त्यानंतर त्या दर रविवारी शिकायला बसायच्या. दादाला आधी ते आवडलं नाही, मग सवय झाली. उन्हाळ्यात वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन परभणीला झालं. दादाच्या पायाला तेव्हा प्लास्टर होतं आणि मी पेपर तपासण्यात अडकलो होतो. वडिलांना जीपमधून घरी वहिनींनी आणलं. वडील पुढच्या सीटवर, डोळ्याला पट्टी बांधून, सगळा रस्ता झोपून आले.