पांडूने घेतलेली विकेट

मला एक सांगा, एखादा माणूस स्वतःच्या मोठेपणाची गोष्ट सांगायला लागला, तर विश्वास कुणावर ठेवायचा? शपथा घेऊन सांगतो त्याच्यावर, की चहा पिता पिता सहज सांगून जातो त्याच्यावर?

मुरबाडला माझं पत्रे, ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान आहे. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. संध्याकाळी दुकानासमोरच्या बाकावर घरचे आणि मित्र जमतात, आणि प्रत्येकाकडे अशी एक तरी गोष्ट असतेच. या गोष्टी दोरीच्या उरलेल्या तुकड्यांसारख्या साठत जातात. विकल्या जात नाहीत आणि टाकवतही नाहीत.

माझा अंदाज असा, की खोटी गोष्ट दरवर्षी थोडी लांबते. खरी आहे तेवढीच राहते.

माझा चुलतभाऊ पांडू पिकअप चालवतो. त्याची गोष्ट एका ओळीची. ठाण्याचा एक डावखुरा पोरगा पुढे मोठं क्रिकेट खेळला, आता टीव्हीवर बसून मॅचवर बोलतो. पांडू म्हणतो, "त्याला मी किन्हवलीच्या मैदानात पयल्याच बॉलवर आउट केला." एवढंच. त्याच्या मिशा पिकल्या तरी वाक्यात एक शब्द वाढला नाही.

यंदा पांडूच्या मुलीचं लग्न झालं, आणि त्याने ही गोष्ट भिवंडीकडच्या नव्या व्याह्यांना सांगितली. व्याही पक्के माणूस. भर पंगतीत त्यांनी विचारलं, "फोटो आहे का?"

"नाय."

"साक्षीदार?"

"टीम होती. पांगली आता नोकरीधंद्याला."

"मग मी पण पूर्वी विमान चालवायचो, व्याही. माझे पण साक्षीदार पांगले."

पंगत हसली. मुलीच्या सासरच्या माणसांसमोर पांडूचा घास हातात राहिला.

पुढच्याच महिन्यात बातमी आली, की आमच्या टेनिस बॉल टुर्नामेंटच्या बक्षीस समारंभाला तोच डावखुरा पाहुणा येतोय. पांडूने तिथल्या तिथे व्याह्यांना फोन लावला. "या तुमी. समोरासमोर इचारू. तो नाय बोलला, तर ही गोष्ट परत माझ्या तोंडातून निघनार नाय."

आता बघा, त्या माणसाकडे पिकअप सोडली तर मिरवायला तेवढी एकच गोष्ट. ती त्याने पणाला लावली. समारंभ होईपर्यंत बाकावर दुसरा विषय नव्हता. आणि एकाची गोष्ट निघाली की बाकीचे आपापल्या काढतात.

* * *

दत्तूमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ, रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. त्याचं म्हणणं, एकदा माळशेजच्या रस्त्याला एका मोठ्या हिरोइनची गाडी त्याच्या एसटीमागे अडकली. रस्ता अरुंद, समोरून ट्रकची रांग. मामाला साइड देता येईना.

मी लहान असताना ही गाडी एका वळणापुरती मागे होती. माझं लग्न झालं तेव्हा ती घाटाखालच्या टोकावडे गावापासून मागे लागलेली. हल्ली मामा तिला अख्खा घाट चढवून आणतो.

मामी एकदा म्हणाली, "अवो, तिला इचारा, तिला तुमी आठवता का."

मामा शांतपणे म्हणाला, "मी नसेन आठवत. यष्टीची पाठ आठवत असेल. दुसरं बघायला व्हतंच काय तिला?"

* * *

कांबळे सर बँकेत आहेत, रोज कल्याणला अपडाउन करतात. कमी बोलतात, पण लसीचा विषय निघाला की सरांची बाही वर जाते. लसीकरण सुरू झालं तेव्हा पेपरात फोटो आला होता. त्यात नर्सबाईंचा चेहरा पूर्ण आहे आणि लस घेणाऱ्याचा फक्त दंड. तो दंड सरांचा.

"दंडावर नाव लिवलंय का?" मामाने विचारलं.

सरांनी खिशातून कात्रण काढलं. "हा तीळ बघा. आणि आता हा बघा." दंडावर तीळ होता खरा.

मामाने कात्रण उजेडाकडे धरलं. "पेपरात मागच्या खांबावर पन तीळ हाये."

"असेल," सर बाही खाली करत म्हणाले. "पण खांबाने लस घेतली नव्हती."

मग मामाकडून कात्रण घेऊन त्यांनी ते पांडूच्या हातात दिलं आणि म्हणाले, "पांडुरंग, पुरावा पूर्ण माणसाचा लागत नाही. एक अवयव पुरतो." पांडू बिचारा रात्री जुनी पेटी उपसत बसला. निघालं काय, तर फाटका ग्लोव्ह.

* * *

पांडूच्या बायकोला मात्र पुरावा लागत नाही. सुनंदा वहिनीचा आवाज अख्ख्या गावाला पाठ आहे. कचऱ्याच्या घंटागाडीवर जी बाई रोज सकाळी "ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा" म्हणून दटावते, ती आमची वहिनी. हळदीला माइकवर गाणी म्हणायची, तिथे कुणीतरी ऐकलं आणि रेकॉर्डिंगला नेलं.

आता बाजारात ती भाजीचा भाव विचारते तेव्हा भाजीवाल्या आधी आपल्या पाटीखालचा पाला गोळा करतात.

मी पांडूला म्हटलं, "तुझ्या घरात एवढी फेमस बाई आहे, कशाला त्या विकेटच्या मागे लागतोस?"

"दादा," तो म्हणाला, "तिचं गावाला एकदा ऐकायला लागतं. मला घरात पन ऐकायला लागतं. माझं कोन ऐकतंय?"

वहिनी चहा ओतत होती. म्हणाली, "मी ऐकलंय ना. लग्न झाल्यापासून तेच ऐकतेय." मग कप त्याच्यापुढे ठेवून हळूच म्हणाली, "त्या पावन्याने वळखलं म्हंजे बरं गो बाई."

* * *

माझीही एक आहे, लपवत नाही. रास्ता रोकोच्या वेळी टीव्हीवाले आले होते. रिपोर्टर नेमका माझ्या दुकानासमोर उभा राहिला, आणि बातमी चालू असेपर्यंत त्याच्या डोक्यावर माझा बोर्ड. फुकटात एवढी जाहिरात कुणाची होत नाही. त्या आठवड्यात शहापूरहून माणसं ताडपत्री न्यायला आली.

मी पाहुण्यांना हे रंगवून सांगत होतो. बायको आतून म्हणाली, "दुकान दिसलं टीव्हीवर. शेठ कुठे दिसले? ते घरी वरणभात खात होते."

मी म्हटलं, "मालक जेवत असताना ज्याची जाहिरात चालते, त्याला धंदा म्हणतात."

* * *

समारंभाचा दिवस आला. व्याही पहिल्या रांगेत, शेजारी पांडू इस्त्रीच्या शर्टात. करंडक माझ्या दुकानाकडून होता, म्हणून मी स्टेजवर. व्याह्यांनी विचारलेलं मला वरून ऐकू आलं, "बोल्ड केला होता की कॅच?"

"आउट केला," पांडू म्हणाला.

पाहुण्याने माइक घेतला. म्हणाला, "या भागात माझी एक आठवण आहे, माझ्या घरी कुणाला पटत नाही. किन्हवलीच्या मैदानात मी पहिल्याच बॉलवर असा सिक्स मारला, की बॉल रस्त्यावरून जाणाऱ्या पेंढ्याच्या ट्रकात पडला. ट्रक कल्याणकडे निघून गेला. माझा सगळ्यात लांब सिक्स तोच. तो बॉलर कुठे असेल, तर माझा साक्षीदार तोच."

मैदान हसलं. व्याही वळून पांडूकडे बघायला लागले. पांडूचा चेहरा उतरला. सुनंदा वहिनीने पदर तोंडाशी नेला.

मग पांडू उठला. स्टेजपाशी आला, माइक न घेताच म्हणाला, "सायेब, बॉलर मी. ट्रक गेल्यावर तुमी काय केलंत, तेवढं सांगा."

पाहुणा स्टेजच्या कडेला आला. "काय केलं?"

"पुढचा बॉल खेळलात का?"

"नाही." पाहुणा आठवायला लागला, आणि आठवता आठवता हसू लागला. "बॅट ठेवली आणि बाहेर गेलो. दोन्ही टीमांत मिळून एकच बॉल होता. जो बॉल हरवेल तो आउट, असा तिथला नियम होता."

"मग?"

"मग आउटच की मी. पण सिक्सही होता हां."

"आमी कदी नाय बोललो?" पांडू म्हणाला.

पाहुण्याने त्याला हात देऊन वर ओढलं, खांद्यावर हात टाकला आणि घरच्यांना दाखवायला फोटो काढला. दोघांना एकमेकांचा साक्षीदार मिळाला. व्याही जागेवर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

परवा भिवंडीकडे एका हळदीला गेलो होतो. मांडवात व्याह्यांभोवती माणसांचा घोळका. व्याही हात हवेत फिरवत सांगत होते, "आमच्या व्याह्यांनी काय बॉल टाकला! मधला स्टंप उडून मागच्या झाडाला लागला. मी समोर होतो ना."

पांडू बाजूला पापड खात बसला होता. त्याने व्याह्यांची बाही ओढली. "व्याही, स्टंप नाय वो. पेंढ्याचा ट्रक."

"तुम्ही गप बसा," व्याही म्हणाले. "तुम्हाला सांगता येत नाही."

तेव्हा ही गोष्ट तुम्ही पुढे सांगणार असाल, जरूर सांगा. फक्त हिशेब सरळ ठेवा. सहा रन पाहुण्याचे, विकेट पांडूची, आणि स्टंप तिन्ही जागेवर.