सिंधुबाईंच्या खालीवर चिपा

निलंग्याच्या आमच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आणि सिंधुबाई शिपाई. पुस्तकं झाडणं, फाटलेल्यांना पट्ट्या लावणं, परत आलेली जागच्या जागी ठेवणं, हे त्या बावीस वर्षं मानधनावर करत आल्यात. शिक्षण सातवी. माझं एम.लिब., आणि हे सांगायची एकही संधी मी सोडत नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे आरएफआयडी आलं. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदासारखी पातळ चिप चिकटवायची. मग वाचकानं पुस्तकांची चळत मशीनवर ठेवली की सगळ्यांची नोंद एकदम होते, माझ्या टेबलापर्यंत यायचीही गरज नाही. नऊ हजार पुस्तकांना चिपा लावायचं काम सिंधुबाईंकडे आलं. दीड महिना त्या मान वर न करता चिकटवत होत्या.

तपासणीला लातूरहून कंपनीचा हरिओम आला. त्यानं पाच-सहा पुस्तकं उघडली आणि कपाळाला हात लावला. चिप डाव्या कोपऱ्यात खाली लावा, असं सूचनापत्रात होतं. बाईंनी कुठं खाली, कुठं मधे, कुठं वर, दर पुस्तकात जागा सरकवून लावल्या होत्या.

"सर, हे काम पास होणार नाही," तो म्हणाला.

माझा पारा आधीच वर असतो. वाचकांसमोर बाईंना नाही नाही ते बोललो. त्या म्हणाल्या, "सर, जरा ऐकता का?" मी म्हणालो, "आता ऐकायचं काय राहिलंय?" आणि तिथंच पत्र लिहिलं: कामात हलगर्जी, सबब यांना कामावरून कमी करावं. खाली झोकदार सही केली.

अध्यक्ष रामलिंगअप्पांनी पत्र वाचलं आणि बाईंना विचारलं, "असं का लावलाव, बाई?"

एवढा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

बाईंनी बालविभागातली पाच बारीक पुस्तकं आणली. "ही पहिल्या दिवशीची. कागदावर हाय तशीच लावलेली." चळत मशीनवर ठेवली. पडद्यावर आकडा आला तीन. मग त्यांनी दुसरी पाच ठेवली, खालीवर चिपांची. आकडा आला पाच. हरिओमनं पुस्तकं उलटीपालटी करून पुन्हा पुन्हा ठेवली. पाच म्हणजे पाचच.

"पोरं बारकी पुस्तकं पाच-पाच आणतात," बाई म्हणाल्या. "चिप बराबर चिपेवर आली की मशीनला दिसत न्हाई. शाळेचा फोटू काढताना पोरं कशी उभी करतात, एकाच्या खांद्यामागून दुसरं? तसं केलं."

"मग मला सांगायचं ना!" मी ओरडलो.

"दोनदा आले होते तुमच्याकडं, सर. तुम्ही म्हणलाव, कागदावर हाय तसं करा. पण चूक दिसतीय तर जाणूनबुजून कशी करू?"

मला खरंच लाज वाटली. हरिओमनं तिथूनच कंपनीला फोन लावला. अप्पांनी पत्र मला परत दिलं. मी फाडायला लागलो तर म्हणाले, "फाडू नका. जवळ ठेवा." ते अजून माझ्या खणात आहे. राग आला की काढून वाचतो.

कंपनीनं सूचनापत्र बदललं आणि त्यात बाईंचं नावही घातलं. दोन महिन्यांनी भोकरच्या वाचनालयाचं पत्र आलं: चिपा लावायचं शिकवायला श्रीमती सिंधुबाईंना पाठवावं. सगळ्या गावाला मी ते पत्र दाखवत फिरलो, पोरगी पहिली आल्यासारखा. बाई मात्र म्हणाल्या, "येवढ्या लांब एकटीनं? सर, तुम्ही चला की. दाखवायच्या पुस्तकांचं खोकं जड हाय."

नांदेडला एसटी बदलून आम्ही भोकरला पोचलो. तिथल्या तरुण ग्रंथपाल शिल्पा मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी बाईंना हार घातला, खुर्ची दिली, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आणि आपण?"

एम.लिब. ओठांवर आलं होतं. मी खांद्यावरचं खोकं नीट सावरलं आणि ताठ मानेनं म्हणालो, "मी सिंधुबाईंसोबत आलोय."